माइक बाईंच्या गळ्यात हवा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : ऐकू कमी येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्गात लागणारी साधने आणि त्यांची निगा.

महोदय,



श्रवणयंत्र वाटपाचे कार्यक्रम आपण पुष्कळ पाहिले असतील. काहींचे प्रमुख पाहुणे आपणच असाल. मांडव, बॅनर, स्वागतगीत, मग पाहुण्यांच्या हस्ते एकेका मुलाच्या हाती छोटीशी डबी. मूल डबी घेऊन घरी जाते आणि सोमवारी मशीन कानात घालून शाळेत येते. त्या सोमवारी वर्गात काय होते, हे मांडवातल्या कोणाला पाहावे लागत नाही. मला लागते, कारण मी कोकणातल्या जिल्हा परिषद शाळांतून फिरणारी विशेष शिक्षिका आहे. माझे म्हणणे एकच आहे, ते आधीच सांगून टाकते. मुलाच्या कानात मशीन दिले की काम झाले, या समजावर आपल्या योजना उभ्या आहेत, आणि हा समज अर्धाच खरा आहे. वर्गात ऐकू यायचे तर दुसरे यंत्र शिक्षकाच्या गळ्यात असावे लागते. ते देण्याची आणि चालू ठेवण्याची जबाबदारी आपल्या खात्याची आहे.

चष्मा लावला की फळा दिसतो, तसे मशीन घातले की ऐकू येते, असे पालकांना वाटते, शिक्षकांना वाटते आणि खरेदी करणाऱ्या साहेबांनाही वाटते. पण श्रवणयंत्राचे मूळ काम आवाज मोठा करणे. नवी डिजिटल यंत्रे थोडीफार निवड करतात. तरी बोलणारा मीटर-दोन मीटरच्या पलीकडे गेला की हवे ते बोलणे आणि नको ती खडखड त्यांना पुरती वेगळी करता येत नाही. बाईंचा आवाज मीटरभर अंतरावर साधारण ६० ते ६५ डेसिबल असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तो ६ डेसिबलने उतरतो. दोन मीटरवर सहा, चार मीटरवर बारा. बंद खोलीत तो इतका उतरत नाही, पण भिंतींवरून परतलेला आवाज त्यात मिसळतो आणि एका शब्दाचे शेपूट पुढच्या शब्दावर चढते. आपल्या वर्गखोल्या घुमतात. सिमेंटच्या भिंती, शहाबादी फरशी, वर पत्रा. आवाज शोषून घेईल अशी एक वस्तू खोलीत नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वर्गातल्या पार्श्वभूमीच्या आवाजासाठी ३५ डेसिबलची मर्यादा सुचवली होती. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला बोलणे समजायचे तर शिक्षकाचा आवाज भोवतालच्या गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबलने वर असावा, असे श्रवणतज्ज्ञ सांगतात. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळतो आहे, पंखा कुरकुरतो आहे, पलीकडच्या खोलीत दुसरीचे पाढे चालले आहेत. हा १५ डेसिबलचा हिशेब कुठे बसवायचा ते आपणच सांगा. मशीन त्या पावसालाही मोठे करते आणि पाढ्यांनाही. मुले मधल्या सुट्टीनंतर मशीन काढून दप्तरात टाकतात. लोक त्यांना हट्टी म्हणतात. दिवसभर कान देऊन ऐकण्याचा शीण किती असतो हे त्यांना कोणी विचारत नाही.

पाचवीच्या एका वर्गात मी मागे बसले होते. गणिताचा तास. सर म्हणाले, "साठातून आठ वजा करा." पहिल्या बाकावरच्या मुलाने, ज्याच्या दोन्ही कानांत मशीन होते, वहीत उत्तर लिहिले शून्य. सरांनी माझ्याकडे पाहिले, म्हणजे 'बघा, याचं हे असं आहे.' मी त्याच्या वहीत पाहिले. त्याने मांडणी केली होती आठ वजा आठ, आणि ती अगदी बरोबर सोडवली होती. स्वर जाड आणि जोरकस असतात. 'स'चा आवाज बारीक आणि कमजोर. त्याची बरीचशी शक्ती ४,००० हर्ट्झच्या वर असते, आणि पुष्कळ मुलांचे ऐकणे नेमके तिथेच गेलेले असते. साध्या मशीनची धावही त्या पट्ट्यात कमी पडते. 'साठ'मधला 'स' गळाला की 'आठ' उरतो. मराठीत तर व्याकरणच शब्दाच्या शेपटाला लटकलेले: 'घरात', 'मुलास', 'तिच्याशी', 'गावाचा'. शेवटचे अक्षर हळू उच्चारले जाते आणि आधी तेच हरवते. मग बाई म्हणतात, मुलाचे शुद्धलेखन कच्चे आहे, प्रत्यय लावत नाही. जे त्याने कधी ऐकलेच नाही ते तो कुठून लावणार?

"ओठ बघून समजतं की त्याला," असेही ऐकवले जाते. समजते, थोडेसे. पण 'पापा', 'बाबा' आणि 'मामा' हे तीन शब्द ओठांवर सारखेच दिसतात. आरशासमोर आवाज न काढता म्हणून पाहा. 'क', 'ख', 'ग' तर घशात होतात, ओठांवर येतच नाहीत. त्यात शिक्षक अर्धा तास फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलतात. मूल पाठ वाचते, म्हणजे खरोखरची पाठ.

आणि मग तो प्रश्न येतो, "समजलं का रे?" मूल म्हणते, "हो." ही मुले दिवसातून कितीदा 'हो' म्हणतात याची गणती नाही. 'नाही' म्हटले तर सगळा वर्ग वळून बघतो, म्हणून 'हो'. मी शिक्षकांना सांगते, समजले का असे विचारू नका. मी काय सांगितले ते सांग, असे म्हणा. एवढ्या एका सवयीने अर्धे झाकलेले उघडे पडते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

ज्याला पैसे लागतात त्याकडे येते. शिक्षकाच्या गळ्यात लहानसा माइक, ओठांपासून वीतभर खाली. तो बोलणे रेडिओलहरींनी थेट मुलाच्या श्रवणयंत्राला किंवा शस्त्रक्रियेने बसवलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटच्या प्रोसेसरला जोडलेल्या रिसीव्हरकडे पाठवतो. पूर्वी याला एफएम सिस्टीम म्हणत. आता बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झच्या डिजिटल लहरींवर चालतात, पण तोंडी नाव 'एफएम'च राहिले आहे. बाई खिडकीपाशी गेल्या, फळ्याकडे वळल्या, शेवटच्या बाकावरच्या पोराला रागवायला गेल्या, तरी मुलाच्या कानाला त्या वीतभर अंतरावरच असतात. पाऊस पडत राहतो, पण बाईंचा आवाज त्याच्या वर येतो. जे काम दहा हजारांच्या मशीनने होत नाही आणि पन्नास हजारांच्या मशीनने पुरते होत नाही, ते अंतर तोडल्याने होते.

हे चालवायला इंजिनिअर लागत नाही, पण सांगणारा माणूस लागतो. मंगळसूत्राचे मणी किंवा ओळखपत्राची क्लिप माइकला घासली की मुलाच्या कानात सतत खरखर होते. बाईंना त्याचा पत्ता नसतो आणि मूल बोलत नाही. म्हणून माइक पदराच्या काठाला, दागिन्यापासून दूर लावायचा. दुसऱ्या मुलाने उत्तर दिले तर एक तर माइक त्याच्या हातात द्यायचा किंवा ते उत्तर बाईंनी पुन्हा म्हणायचे. नाहीतर आमच्या मुलाला प्रश्नच तेवढे ऐकू येतात, उत्तरे नाहीत. तास संपला की माइक बंद करायचा. एका शाळेत तो चालूच राहिला आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतली मुख्याध्यापकांवरची सगळी चर्चा सहावीतल्या मुलीने घरी जाऊन आईला जशीच्या तशी सांगितली. संच किती चांगला चालतो याचा इतका पक्का पुरावा मला दुसरा मिळाला नाही.

विशेष शाळांना यातले काही नवे नाही. मुंबईत १८८५ मध्ये सुरू झालेली कर्णबधिरांची शाळा देशातली पहिली मानली जाते. तेव्हापासून राज्यभर अशा शाळा निघाल्या आणि त्यांतल्या अनेकींत बाकाबाकाला हेडफोन जोडलेले ग्रुप हिअरिंग एड किंवा खोलीभोवती तार फिरवून केलेली लूप इंडक्शनची व्यवस्था पुष्कळ वर्षांपासून आहे. म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडापासून मुलाच्या कानापर्यंत थेट वाट लागते, हे तिथल्या शिक्षकांना ठाऊक होते. मुले समावेशित शिक्षणाच्या धोरणाने गावच्या शाळेत आली. ती आली हे चांगलेच झाले. आईबापांजवळ राहतात, भावंडांबरोबर शाळेत जातात. पण ती वाट मागेच राहिली. गावच्या शाळेने त्यांना दिला पहिला बाक. 'पुढे बसवा' ही आमच्याकडची सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त लिहिली जाणारी शिफारस आहे, आणि मीही ती लिहिते. पण गटकार्य सुरू झाले, मुले गोल करून बसली की पहिला बाक कुठे राहतो?

आता कायद्याकडे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य आणि योग्य सहाय्यक साधने मोफत द्यावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. 'योग्य' साधन कोणते हे मात्र जो तो आपल्यापुरते ठरवतो, आणि आजवर ते बहुतेक ठिकाणी कानामागे लावायचे यंत्र एवढेच ठरले आहे. वर्गातल्या मुलासाठी शिक्षकाचा माइक हे योग्य साधनात मोडते, एवढे एक वाक्य शासन निर्णयात आले तरी आमचे निम्मे भांडण संपेल.

त्याच कायद्यात दुसरी अडचण आहे. दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा श्रवणऱ्हास असेल तर 'ऐकू कमी येणारी व्यक्ती', आणि ७० डेसिबलचा असेल तर 'बधिर'. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या आपल्या श्रवणविषयक अहवालात सौम्य ऱ्हासाची सुरुवात २० डेसिबलपासून धरली आहे आणि मध्यम ऱ्हासाची ३५ पासून. ४५ किंवा ५० डेसिबल गमावलेले मूल आपल्या कायद्याच्या लेखी जवळपास धडधाकट. त्याला ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही, म्हणून साधन नाही, परीक्षेत सवलत नाही. आणि आपले बोलणे तर ६० डेसिबलच्या आसपास! चार मीटरवरून ते त्या मुलाला कुजबुजीसारखे येते. एका कानाने अजिबात ऐकू न येणारी मुलेही याच खड्ड्यात पडतात. आवाज कोणत्या बाजूने आला हे त्यांना कळत नाही आणि गोंगाटात ती पार हरवतात. कायदा दिल्लीचा आहे, तो तुम्ही बदलू शकत नाही, हे मान्य. पण आपल्या शाळेत कोणाला माइक द्यायचा हे ठरवायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

कान वाहणाऱ्या मुलांचे तर मी काय सांगू. आमच्या भागात पावसाळ्यात कोणत्याही वर्गात जा, कापसाचा बोळा घातलेले एखादे तरी मूल सापडेल. वाहत्या कानात मशीनचा साचा घालता येत नाही, म्हणजे मशीनही घालता येत नाही. कान बरा होईपर्यंत महिना-दोन महिने हे मूल अर्धवट ऐकते, आणि तेवढ्यात भागाकार शिकवून होतो. अशा मुलांसाठी माइकबरोबर वर्गात एक-दोन छोटे स्पीकर लावण्याची पद्धत आहे; बाईंचा आवाज सगळ्या खोलीत सारखा पसरतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस किरकोळ श्रवणऱ्हास असलेल्या मुलांच्या वर्गांत हा प्रयोग झाला होता, आणि त्याचा फायदा बाकीच्या मुलांनाही झालेला आढळला. त्यात शिक्षकांचा घसा वाचतो तो वेगळाच. दोन वर्ग एकत्र करून दिवसभर ओरडणाऱ्या आमच्या शिक्षिकांचे आवाज चाळिशीत बसतात. त्यासाठी वैद्यकीय बिल मागायला कोणी जात नाही इतकेच. पण एक सावधगिरी हवी. घुमणाऱ्या खोलीत स्पीकर लावला तर घुमणेच मोठे होते. आधी खोली गप्प करायची: मागच्या भिंतीला सॉफ्टबोर्ड, खाली काथ्याची चटई, लोखंडी बाकांच्या पायांना रबरी बूच, पंख्याला तेलपाणी. हे ग्रामपंचायतीच्या पैशातूनही होते. शाळेच्या माहितीच्या प्रपत्रात रॅम्प आहे का, कठडा आहे का, दिव्यांगांसाठी शौचालय आहे का, असे विचारतात, म्हणून ते बांधले तरी जातात. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचतो का, हे कोणी विचारत नाही.

दिलेली मशीन चालू राहतात का, हा या पत्रातला सगळ्यात नीरस भाग आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही. मशीनला झिंक-एअरचे सेल लागतात. मागचा स्टिकर काढला की हवा लागून सेल सुरू होतो आणि वापरा न वापरा, उतरत जातो. जोरदार मशीनचा सेल आठवडा-दोन आठवड्यांत संपतो. तो गावच्या किराणा दुकानात मिळत नाही, कधी कधी तालुक्यालाही मिळत नाही. कानाचा साचा, ज्याला सगळे मोल्डच म्हणतात, तो मूल वाढले की सैल होतो. सैल मोल्डमधून आवाज बाहेर गळून पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि मशीन शिट्टी मारते. वर्ग हसतो. सर म्हणतात, "बंद कर ते." मूल बंद करते, आणि ते मग बंदच राहते. लहान मुलांचे मोल्ड वर्षातून दोन-तीनदासुद्धा बदलावे लागतात. आमच्याकडे ते एकदा, शिबिराच्या दिवशी, होतात. कोकणातल्या दमट हवेत मोल्डच्या नळीत पाण्याचा थेंब अडकतो आणि मशीन मुके होते. आवाज गेला म्हणून ते फडताळात पडते. नळी काढून फुंकर मारली, रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवले की सकाळी ते पुन्हा बोलते, पण हे आजीला कोणी दाखवलेले नसते.

कॉक्लिअर इम्प्लांटच्या मुलांचे दुखणे याहून महाग. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेत २०१४ पासून इम्प्लांटसाठी एका मुलामागे सहा लाखांपर्यंतची तरतूद आली, पुढे ती वाढली. सरकारने खरोखर मोठा खर्च केला आणि त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. शस्त्रक्रिया झाली, वाचा उपचार झाले, मूल बोलू लागले, गावच्या शाळेत पहिलीत बसले. मग वॉरंटी संपते. डोक्यावरच्या कॉइलची केबल खेळताना तुटते आणि नवी घ्यायला काही हजार लागतात. शेतमजूर बाप म्हणतो, भात झोडून झाला की बघू. ते तीन महिने त्या मुलाला काहीही ऐकू येत नाही, कारण इम्प्लांट बंद असेल तर त्या कानाला आवाजच उरत नाही. लाखोंची गुंतवणूक एका केबलपायी निजून राहते. जिल्हा पातळीवर केबल, कॉइल आणि चार्जेबल बॅटऱ्यांचा राखीव साठा ठेवणे यात कुठे नवे धोरण लागते? फक्त कोणाच्या तरी टेबलावर ते काम लिहिलेले असावे लागते.

ते कोणाच्याच टेबलावर नाही, हीच गोम आहे. बालकांची तपासणी सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला आणि त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे. यंत्रे, प्रमाणपत्र आणि विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, जो २०२२ च्या अखेरीस वेगळा झाला. वर्ग तुमच्याकडे. मुलाचा कान एका खात्याचा, मशीन दुसऱ्याचे, बाक तिसऱ्याचा. मोल्ड सैल झाला तर मी कोणत्या खात्याला पत्र लिहायचे, हे मला अजून कोणी लेखी सांगितलेले नाही.

आणि जिथे साधने आली आहेत तिथली दुसरी गंमत सांगते. एका शाळेला माइकचा संच मिळाला. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली आणि संच मुख्याध्यापकांच्या कपाटात गेला. का? तर तो वर्गात फुटला, हरवला किंवा बिघडला तर वसुली मुख्याध्यापकांकडून. लाखाच्या घरातली वस्तू आणि निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली. त्यांच्या जागी मी असते तर मीही किल्ली खिशात ठेवली असती. तपासणी आली की संच बाहेर येतो, टेबलावर मांडला जातो, फोटो निघतो. त्यात मुख्याध्यापकांची चूक शून्य आहे. वापराने होणारी मोडतोड ही वसुलीची बाब नाही, हे वरून लेखी येईपर्यंत कुठल्याही शाळेतली कपाटे उघडणार नाहीत, कितीही संच खरेदी करा.

तंत्रज्ञान म्हटले की हल्ली लोक मोबाइल पुढे करतात. गूगलचे लाइव्ह ट्रान्सक्राइब २०१९ मध्ये आले. ते मराठी बोलणे पडद्यावर लिहून दाखवते आणि घरात, समोरासमोर, इंटरनेट बरे असताना छान चालते. नववी-दहावीच्या मुलांना मी ते लावून देते. पण वर्गात फोन बाकावर ठेवला तर त्यालाही तेच अंतर आणि तोच गोंगाट छळतो. शिवाय आमच्या सरांचे विज्ञान हे 'आता बघा, रिअॅक्शन झाली म्हणजे काय, तर इलेक्ट्रॉन दिले-घेतले' अशा भाषेत असते. तिथे पडद्यावर काय उमटते ते वाचून मुले पोट धरून हसतात. तो विनोदाचा तास म्हणून चांगला आहे. बाईंच्या गळ्यातल्या माइकचा आवाज थेट फोनला जोडला तर हे लेखन पुष्कळ सुधारते, म्हणजे फिरून गाडी माइकवरच येते. उपशीर्षकांचे मात्र एक काम तुम्ही आज करू शकता. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमागे आणि स्मार्ट टीव्हीवर दाखवायचा जो जो व्हिडिओ सरकार विकत घेते किंवा बनवते, त्याच्याखाली तपासून घेतलेली मराठी उपशीर्षके असतील तरच त्याचे बिल मंजूर करावे.

एक गोष्ट इथेच बोलून टाकते, कारण माझे हे पत्र वाचून कर्णबधिर मित्र मला धरतील. सगळ्या मुलांना ऐकायला आणि बोलायला लावा, असे मी म्हणत नाही. ज्यांना मशीनचा उपयोग होत नाही किंवा ज्यांची भाषाच खुणांची आहे, त्यांच्यासाठी माइक म्हणजे शोभेची वस्तू. त्यांना भारतीय सांकेतिक भाषा येणारा शिक्षक हवा. दिल्लीतली भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन व प्रशिक्षण संस्था २०१५ पासून आहे, तिचा शब्दकोश १० हजार शब्दांच्या पुढे गेला आहे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात या भाषेचा उल्लेख आहे आणि डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी या भाषेसाठीच आहे. वाहिनी चांगली आहे. पण वर्गात 'बाई, मला पाणी पाहिजे' ही खूण ओळखणारे माणूस ती देऊ शकत नाही. माझ्या अनुभवात ज्या मुलांना थोड्या खुणाही येतात, ती मशीन बंद पडल्याच्या दिवशी एकटी पडत नाहीत. मशीन की खुणा, हा वाद मोठ्यांचा आहे. मुलांना दोन्ही चालते.

माणसांबद्दलही थोडे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले, आणि २०२५ मध्ये राज्यांना ही पदे मंजूर करून भरण्यास पुन्हा बजावले. पदे भराल तेव्हा एवढे पाहा, की विशेष शिक्षक म्हणजे सगळ्या दिव्यांगत्वांचा जाणकार नव्हे. बी.एड. विशेष शिक्षणात श्रवणदोष हा वेगळा विषय असतो. ज्याने तो केला नाही त्याला ऑडिओग्राम, म्हणजे श्रवण तपासणीचा आलेख, वाचता येईलच असे नाही, आणि ऑडिओग्राम वाचता आला नाही तर मुलाला कुठे बसवायचे हेही अंदाजानेच ठरते. प्रत्येक गटसाधन केंद्रात निदान एक तरी श्रवणदोषाचा माणूस हवा. त्याच्या प्रशिक्षणाला परदेशी जायला नको. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आपल्या राजधानीत आहे.

तेव्हा मागणे असे. शिक्षकाचा माइक आणि त्याचे रिसीव्हर हे मुलाचे वैयक्तिक साधन न मानता फळ्यासारखे शाळेचे साहित्य माना, म्हणजे मूल पुढच्या शाळेत गेले की केंद्रप्रमुखांना संच दुसऱ्या वर्गाला देता येईल. मागणी प्रमाणपत्राच्या टक्क्यांवर अडवू नका; ऑडिओग्राम आणि श्रवणतज्ज्ञाची चिठ्ठी पुरेशी समजा. खरेदी करताना संच मुलांकडे असलेल्या मशीनशी जुळतो का ते आधी पाहायला लावा, नाहीतर हजार संच येतील आणि एकही जोडता येणार नाही. खरेदीच्या रकमेत पाच वर्षांचे सेल, मोल्ड, केबल आणि दुरुस्ती धरा. मोडतोडीची वसुली होणार नाही, हे स्पष्ट लिहा. आरोग्य आणि दिव्यांग कल्याण या दोन्ही विभागांच्या सह्या त्याच शासन निर्णयावर घ्या आणि जिल्ह्यात एका अधिकाऱ्याचे नाव ठरवा, ज्याच्याकडे मोल्ड सैल झाल्याचे पत्र मी पाठवू शकेन. सगळ्या राज्यात एकदम करायला पैसे नसतील तर प्रत्येक जिल्ह्यातला एक तालुका घ्या, पण तो पूर्ण घ्या.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात. खरेदी, मोल्डची मापे आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांना तीन महिने लागतातच. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन, आणि राज्याचे अर्थसंकल्पी अधिवेशनही त्याच सुमारास असते. त्या अधिवेशनात या कामासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि मार्च संपण्याआधी शासन निर्णय काढावा, ही विनंती.

आपली,
एक फिरती विशेष शिक्षिका